विचारल्याशिवाय काही हलत नाही

"बाई, पर्यवेक्षक म्हंजे परीक्षेत फिरतेत तेच ना?"

मावशींनी हे विचारलं आणि समोर बसलेल्या मुलीचा चेहरा उतरला. ती नर्सिंगच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. तिच्या हातात प्रश्नावली होती, स्वच्छ टाइप केलेली, शेवटी भाषांतरकाराच्या सहीसाठी जागा सोडलेली. पहिलंच वाक्य होतं, 'पर्यवेक्षकाच्या अनुमोदनाशिवाय येथे कोणतीही कृती करता येत नाही.' मावशी वीस वर्षं एका खासगी दवाखान्यात काम करतात. वॉर्ड पुसणं, पेशंटला भांडं देणं, स्ट्रेचर ओढणं ही त्यांची कामं. ते वाक्य वाचून त्यांच्या डोळ्यांपुढे दहावीच्या परीक्षेतले मास्तर उभे राहिले. चूक त्यांची नव्हती. आपल्याकडे पर्यवेक्षक म्हटलं की तेच आठवतात.

मी सावंगी (मेघे)ला राहते. वर्ध्याहून यवतमाळकडे निघालं की लगेच आमचं गाव लागतं. १९९०मध्ये इथं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पाठोपाठ बाकीची कॉलेजं आली आणि गाव बदललं. खोल्या भाड्यानं जाऊ लागल्या, मेस निघाल्या, झेरॉक्सची आणि थिसिस बांधून देणारी दुकानं आली. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, तेव्हा याच वाटेनं माझ्याकडेही एक काम चालत आलं. प्रबंधासाठी रुग्णांना, नर्सेसना, आशाताईंना प्रश्न विचारायचे तर ते मराठीत लागतात. संमतीपत्र माणसाला कळेल अशा भाषेतच हवं, हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा नियमच आहे. म्हणून पोरं-पोरी इंग्रजी प्रश्नावली घेऊन येतात. "बाई, एवढं मराठी करून द्या, सोमवारी समितीपुढे ठेवायचं आहे," म्हणतात. गेली काही वर्षं मी हे करून देते आहे. माझ्या घरच्या ओसरीत बसून हे करताना जे कळलं ते आज लिहिते आहे, कारण ही बाब माझ्या ओसरीपुरती नाही.

या मुलीला रुग्णालयात निर्णय कोण घेतं ते मोजायचं होतं. त्याची मोजपट्टी तयार आहे. अमेरिकेतल्या जेरल्ड हेग आणि मायकेल आयकन या समाजशास्त्रज्ञांनी १६ आरोग्य आणि समाजकल्याण संस्थांचा अभ्यास केला होता. त्यावरचा त्यांचा लेख १९६७ साली प्रसिद्ध झाला. संस्थेत सत्ता किती एकवटली आहे हे जोखायला त्यांनी दोन बाजू धरल्या. एक, साध्या साध्या गोष्टींसाठी वरच्याला विचारावं लागतं का. दोन, नेमणुका, बढत्या, नवीन धोरणं, नवीन उपक्रम अशा मोठ्या निर्णयांत खालच्या माणसाचा हात किती असतो. थोडीच वाक्यं, समोर पर्याय, खूण करायची, गुण मोजायचे. हीच मोजपट्टी आणि तिच्या जातीच्या इतर मोजपट्ट्या पुढे देशोदेशी गेल्या. संस्थेतलं केंद्रीकरण मोजणारी अशी मोजपट्टी तुर्कीतही आणली गेली आहे. ते काम कसं करतात हे वाचताना मी एका जागी थांबले, आणि बराच वेळ थांबले.

थांबले ते शब्दांपाशी. तुर्कांच्या आणि आपल्या कचेरीच्या भाषेत कितीतरी शब्द एकच आहेत. आपलं दफ्तर तिकडे 'देफ्तेर' आहे. कलम 'कालेम', हिशेब 'हेसाप', जबाब 'जेवाप', हुकूम 'हुक्युम', मोहोर 'म्युह्युर'. अरबी-फारसीतून हे शब्द त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, तुर्कांनी १९३२ नंतर भाषाशुद्धीची मोठी मोहीम काढली, तरी हे शब्द दोन्हीकडे तगून राहिले. शब्द तगले, पण अर्थ आपापल्या वाटेनं गेले. तुर्की भाषेत 'करार' म्हणजे निर्णय. आपल्याकडे करार म्हणजे दोघांनी मिळून ठरवलेली गोष्ट. तिकडे 'रझा' म्हणजे संमती. आपल्याकडे तोच शब्द 'रजा' झाला, आणि रजा म्हणजे सुट्टी. जुन्या मराठीत रजा म्हणजे परवानगीच होती. घरी बसायची मोकळीक वरच्याच्या संमतीनंच मिळते, हे आपण शब्दातच बांधून ठेवलं आहे. केंद्रीकरण मोजायला निघालेल्या माणसानं हा एक शब्द नीट पाहिला तरी पुष्कळ हाती लागेल.

आता आपल्या भाषांतराकडे येते. मुलीनं 'केंद्रीकरण' हा शब्द वरच मोठ्या अक्षरात छापला होता. मी मावशींना आणि माझ्या ओळखीच्या एका निवृत्त नर्सबाईंना विचारलं, हे वाचून काय समजता? नर्सबाई म्हणाल्या, "केंद्र म्हणजे आरोग्य केंद्र. केंद्रीकरण म्हणजे उपकेंद्रं बंद करून सगळं पीएचसीला नेणार असतील." मावशी म्हणाल्या, "दिल्लीचं सरकार करते ते." दोघींचं उत्तर त्यांच्या जगात पक्कं बसतं. 'निर्णय' या शब्दाचीही तीच गत. मावशींच्या लेखी निर्णय कोर्ट देतं. त्या स्वतः दिवसभर काय करतात? आज कोणती खोली आधी पुसायची, कोणत्या पेशंटच्या नातेवाइकाला आत सोडायचं, रात्री दोनला ओरडणाऱ्या म्हाताऱ्यासाठी सिस्टरला उठवायचं की आपणच पाणी द्यायचं. हे सगळे निर्णय आहेत. पण त्याला निर्णय म्हणतात असं त्यांना कुणी कधी सांगितलं नाही, आणि तुम्ही निर्णय घेता का असं विचारलं तर त्या नाही म्हणतील.

पदांची नावं हा तर वेगळाच गुंता. सरकारी मराठीत स्टाफ नर्स ही अधिपरिचारिका, वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर या परिसेविका आणि मेट्रन या अधिसेविका. १९६२मध्ये भाषा संचालनालयाचा पदनाम कोश आला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला बदनाम कोश म्हटलं होतं. मी तसं म्हणणार नाही. राज्यकारभार मराठीत यावा म्हणून ज्यांनी खपून शब्द घडवले, त्यांचं ऋण मी मानते. पण वॉर्डात कुणी 'परिसेविका आल्या' म्हणत नाही. 'इनचार्ज आल्या', 'मोठ्या सिस्टर आल्या' म्हणतात. अटेंडंटना मामा आणि मावशी म्हणतात. मोजपट्टी ज्यांनी भरायची, त्यांच्या तोंडी जे नाव आहे ते कागदावर आलं पाहिजे.

मग आम्ही ते पहिलं वाक्य मोडून पुन्हा लिहायला बसलो. मावशींना विचारलं, तुमच्याकडे कसं असतं? त्या म्हणाल्या, "मोठ्या सिस्टरले विचारल्याबिगर इथं काही हालत नाही, बाई. बल्ब गेला तरी." आम्ही लिहिलं, 'मोठ्या सिस्टरला विचारल्याशिवाय इथं काही हलत नाही.' नर्सबाईंनी मान डोलावली. दोघींना ते एका दमात कळलं आणि दोघींना त्यावर बोलायचं होतं.

अडचण पुढे आली. भाषांतर बरोबर आहे हे ठरवण्याची रूढ पद्धत अशी की एकानं इंग्रजीचं मराठी करायचं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं त्या मराठीचं परत इंग्रजी करायचं. दोन्ही इंग्रजी जुळली की मराठी पास. रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७०मध्ये या उलट भाषांतराची रीत मांडली, आणि योग्य हातात ती उपयोगी आहेच. पण नुसती तीच वापरली की काय होतं ते पाहा. 'पर्यवेक्षकाच्या अनुमोदनाशिवाय कृती' हे परत इंग्रजीत नेलं तर मूळ वाक्य जसंच्या तसं मिळतं, कारण ते इंग्रजीच आहे, फक्त देवनागरी कपडे घातलेलं. 'मोठ्या सिस्टरला विचारल्याशिवाय काही हलत नाही' हे परत नेलं तर कुणाच्या तरी थोरल्या बहिणीची गोष्ट होते. म्हणजे ज्या वाक्यावर मावशी अडखळल्या ते पास आणि जे त्यांना कळलं ते नापास. अशा परीक्षेत वाईट मराठीच पहिल्या नंबरानं येणार. माझ्याकडे येणाऱ्या कागदांत वर्षानुवर्षं तेच येत आहे, आणि त्यातल्या कित्येकांवर मी सह्या केल्या आहेत. त्याचं मला वाईट वाटतं.

कुणी म्हणेल, शेवटी आकडेवारी चूक पकडतेच. लोकांची उत्तरं परस्परांशी जुळतात का हे सांगणारा क्रोनबाखचा अल्फा असतो, तो ०.७०च्या वर गेला की विद्यार्थी सुटकेचा श्वास टाकतात. मी आकडेशास्त्र शिकलेली नाही, पण एक गोष्ट मला साधी दिसते. पाच वाक्यांत पाच वेळा 'पर्यवेक्षक' असेल आणि सगळ्यांनी तो शब्द एकाच चुकीच्या अर्थानं घेतला असेल, तर उत्तरं छान जुळतील. ती जुळली म्हणून खरी ठरत नाहीत.

'सहमत-असहमत'चीही तीच कथा. एक ते पाच अशा पायऱ्यांची रीत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२मध्ये आणली. मराठीत ती 'पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत' अशी छापतात. 'माझं मत इथं विचारात घेतलं जात नाही' या वाक्याला असहमत म्हणायचं म्हणजे मत विचारात घेतलं जातं असं म्हणायचं. नकारावर नकार. मावशी बोट तिथंच ठेवून बसल्या. आम्ही पर्याय बदलले : 'अगदी खरं, बरंचसं खरं, सांगता येत नाही, फारसं खरं नाही, अजिबात खरं नाही.' आणि वाक्यातला नकार काढला. मधल्या 'तटस्थ'विषयी मात्र थोडं थांबून सांगायला हवं. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. ज्याला पाण्यात उतरायची भीती आहे, तो काठावर उभा राहतो. सत्ता एका हातात असलेल्या जागी काम करणारी बाई मधल्या चौकटीत खूण करते, तेव्हा तिला मत नसतं असं नाही. मत सांगितलं तर काय होईल हे तिला ठाऊक असतं. म्हणजे जिथं केंद्रीकरण सगळ्यात जास्त, तिथंच मोजपट्टी मधला आकडा दाखवणार.

हेग-आयकन यांचा दुसरा भाग आपल्याकडे तर जवळजवळ मुका होतो. नवीन माणूस नेमताना तुमचं मत घेतात का, बढती देताना घेतात का? आपल्याकडच्या सरकारी वा ट्रस्टच्या दवाखान्यात कुठल्या स्टाफ नर्सला हे विचारतात? सगळ्या जणी 'कधीच नाही'वर खूण करतील आणि एका वॉर्डात नि दुसऱ्या वॉर्डात काही फरकच दिसणार नाही. फरक असतो तो ड्यूटी लिस्टमध्ये. ती कोण लावतं, नाइट बदलून घ्यायची तर दोघींनी आपसात ठरवून चालतं की चिठ्ठी वर जाते. फरक असतो इंडेंटमध्ये, म्हणजे सामानाच्या मागणीत. कापूस संपला तर शेजारच्या वॉर्डातून आणता येतो की सहीसाठी थांबायचं. मोडलेली सलाइन स्टँड कोपऱ्यात किती महिने पडते, कारण ती कंडेम करायची समिती अजून बसलेली नाही. हे प्रश्न विचारले की नर्सबाई बोलायच्या थांबत नाहीत. मला माहीत आहे, वाक्यं बदलली की अमेरिकेच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही, आणि मार्गदर्शक तिथंच अडतात. माझं म्हणणं असं की ती तुलना तशीही भरवशाची नव्हती. गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या देशोदेशीच्या नोकरांची उत्तरं घेऊन वरच्या-खालच्यातलं अंतर माणसं किती सहज स्वीकारतात याचा निर्देशांक काढला होता. त्यात अमेरिका ४०, तुर्की ६६, भारत ७७. एकाच कंपनीतल्या माणसांवरून देश मोजला म्हणून त्यांच्यावर टीका झाली, ती रास्तही आहे. पण एवढं तरी त्यातून घ्यावं, की साहेबांना विचारणं हे एका देशात जाच वाटेल आणि दुसऱ्यात रीतभात वाटेल. दोन्हीकडे एकच खूण, पण अर्थ दोन.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं त्या मुलीनंही विचारलं. मी तिला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली. मी ज्या शाळेत शिकवत होते तिथं प्रथमोपचाराची पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटात असे आणि किल्ली त्यांच्या खिशात. एका दुपारी आठवीतली मुलगी बाकाच्या कडेवर पडली, भुवईवर खोक पडली. मुख्याध्यापक पंचायत समितीच्या बैठकीला गेले होते. आम्ही चार शिक्षक त्या बंद कपाटापुढे उभे होतो. कुलूप फोडायचं कुणाच्याच मनात आलं नाही. मी माझ्या पदरानं तिची जखम दाबून धरली आणि शिपायानं सायकलवरून जाऊन बँडेज आणलं. मुलगी बरी झाली. पण आम्ही चौघं शिकलीसवरलेली माणसं होतो, आणि किल्ली नाही म्हणून उभे राहिलो. हे मला आजही सलतं. केंद्रीकरण म्हणजे ते कपाट, आणि त्याहून जास्त म्हणजे त्यापुढचं आमचं उभं राहणं.

म्हणून नुसते नियम पाहून चालत नाही. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हा प्रत्येक उपकेंद्राला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित निधी ठरला. खातं नर्सबाई आणि सरपंच यांच्या संयुक्त नावानं. फुटलेली खिडकी, बाळाचा वजनकाटा, पडदा, अशा गोष्टींसाठी कुणाच्या तोंडाकडे पाहायला लागू नये हा हेतू. आमच्या नर्सबाई सांगतात, पैसे खात्यात असायचे, तरी त्या आधी साहेबांना फोन करायच्या. साहेबांनी तसं सांगितलं नव्हतं. त्यांनाच धीर होत नसे. नियमात सत्ता खाली उतरली होती, पण मनात उतरली नव्हती. १ मे १९६२ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, १९९३पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली, गांधीजी १९३६मध्ये इथून जवळच सेवाग्रामला येऊन राहिले. हे सगळं वर्ध्याच्या पोरांना पाठ असतं. पण सत्तेचं हे खाली येणं दवाखान्यात, शाळेत, पंचायतीत किती झिरपलं हे जाणायचं तर खालच्या माणसाला त्याच्या भाषेत विचारावं लागेल. त्याला दुसरा उपाय नाही.

आणि हे कसं करावं याचा धडा घ्यायला आपल्याला लांब जायला नको. सावंगीचं रुग्णालय ज्यांच्या नावाचं आहे, त्या विनोबांनी आईला कळेल अशी गीता मराठीत करायची म्हणून गीताई लिहिली. ती १९३२मध्ये प्रसिद्ध झाली. छापण्याआधी त्यांनी ती आश्रमातल्या मुलींना शिकवून पाहिली. त्या जिथं अडल्या, तिथं शब्द बदलले. ब्रिसलिनच्या आधी जवळजवळ चाळीस वर्षं. विनोबा संस्कृताचे केवढे जाणकार, तरी शेवटचा शब्द त्यांनी त्या पोरींच्या हाती ठेवला. आज त्या ओळी वर्ध्यात गोपुरीच्या गीताई मंदिरात शिळांवर कोरलेल्या आहेत.

माझी मागणी मोठी नाही. नैतिकता समित्यांनी आणि मार्गदर्शकांनी भाषांतराच्या प्रमाणपत्रासोबत आणखी एक कागद मागावा : ही प्रश्नावली कोणत्या आणि किती माणसांना वाचून दाखवली, ती कुठं अडली, काय बदललं. त्यात मामा-मावशी असल्या पाहिजेत, नुसते प्राध्यापक नकोत. या कामाला विद्यार्थ्याला दोन-तीन महिने द्यावेत. मराठीत मोजपट्टी नीट रुजवणं हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय मानावा, तुर्कीत मानतात तसा. आणि जी मोजपट्टी एकदा तावूनसुलाखून तयार झाली, ती सर्वांसाठी एका जागी खुली ठेवावी. आज एकच प्रश्नावली नागपुरात एक जण मराठी करतो, पुण्यात दुसरा, सावंगीत मी, आणि तिघांची मराठी तीन तऱ्हांची. प्रबंध बांधला की ती कपाटात जाते. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठी अभिजात भाषा झाली, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. असा संग्रह त्या विद्यापीठानं उभारावा. त्याला इमारत लागत नाही.

त्या मुलीची प्रश्नावली अजून पुरी झालेली नाही. मूळ संचात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की स्वतःच्या मनानं काही ठरवू पाहणाऱ्याचं मन इथं लवकरच मारलं जातं. मुलीनं 'परावृत्त केले जाते' लिहिलं होतं. मी 'नाउमेद करतात' सुचवलं. मावशींनी आमच्या दोघींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लय शाहणी झाली का, म्हंतेत." तेच वाक्य आम्ही ठेवलं.

उठताना त्यांनी कागदाची घडी करता करता विचारलं, "हे भरून झाले की कोनापाशी द्याचे?"

मुलीनं ठरवलं होतं की भरलेले फॉर्म प्रत्येक वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर गोळा करतील. ते तिनं सांगितलं. मावशींनी घडी केलेला कागद परत टेबलावर ठेवला. मुलीनं वही उघडली, ती ओळ खोडली आणि मला विचारलं, बंद पाकिटं टाकायला कुलपाची पेटी गेटजवळ ठेवली तर चालेल का. मी मावशींकडे बोट दाखवलं. हे त्यांना विचार, म्हटलं.